पडद्यामागचा खिळा

सालोमत पालथ्या बादलीवर उभी राहून भिंतीपलीकडे डोकावत होती आणि खाली अंगणातल्या जुन्या लाकडी तख्तावर तिचा नवरा तुरसुन चहा फुंकत तिच्याकडे बघत होता.

"पडशील."

"पडू दे. निदान पडताना तरी चांगली फरशी दिसेल."

पलीकडे धाकट्या जावेचं, नोदिराचं अंगण होतं. परवापरवापर्यंत तेही असंच मातीचं होतं. सकाळी पाणी शिंपडायचं, दुपारी धूळ खायची. मग तुरसुनच्या धाकट्या भावाने, एर्किनने, रशियातून पैसे पाठवले आणि मरगिलानच्या त्या गल्लीत जणू राजवाडाच उतरला. कबुतराच्या मानेसारखी चमकणारी निळसर फरशी. द्राक्षवेलीला लोखंडी मांडव. ओसरीला कोरीव खांब. आणि मधोमध अक्रोडाच्या लाकडाचं नवंकोरं तख्त, ज्यावर अख्खी वरात जेवून उठेल.

जुनी जमीन उकरायला सगळी गल्ली इर्जिकीला, फुकट हातभार लावायला, गेली, तेव्हा सालोमतलाही जावंच लागलं. न जाऊन तोंड कुठे लपवणार? पुलावासाठी तिने ढीगभर गाजरं चिरली, आणि प्रत्येक गाजर असं चिरलं की जणू ते नोदिराचं नाकच आहे.

"मी सुताराची बायको," बादलीवरून उतरत ती म्हणाली. "शाळेतले सगळे बाक तुम्ही ठोकले आणि आपल्या तख्ताचा पाय विटांवर."

"विटांना काय झालंय? डुगडुगत तर नाही."

"एर्किनभावजी गेले, कमावलं, बायकोला राणी केलं. तुम्ही बसा चहा फुंकत."

हे वाक्य ती वसंतापासून रोज म्हणत होती आणि तुरसुन रोज हसत होता. आज तो हसला नाही. त्याने पियाला खाली ठेवला.

"मी पण जातोय. काल बोललो एर्किनशी. पुढच्या आठवड्यात निघायचं. होईल तुझी फरशी."

सालोमतच्या मनात लाडू फुटले. पण पुढचं काही विचारायला तिला सवड नव्हती. नोदिराने गल्लीतल्या बायकांना नवं अंगण बघायला बोलावलं होतं.

"या ओपा, वर बसा. मानाची जागा तुमची," नोदिरा थोरल्या बहिणीला हाक मारावी तशी म्हणाली.

वर आणखी गोडही बोलते! सालोमतने खांब चाचपले, टाचेने फरशी ठोकून पाहिली, तख्त हलवून बघितलं. कुठे म्हणून खोट सापडेना. आता अशा वेळी माणसाने करावं तरी काय?

तेवढ्यात ओसरीच्या भिंतीवर तिला एक छोटासा पडदा दिसला. तिथे खिडकी नाही, कोनाडा नाही, मग पडदा कशाला?

"अगं, इथे काय झाकलंयस?" सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने तिने विचारलं. "गवंड्याचा गिलावा संपला की काय?"

बायका हसल्या. "राहू दे ना, ओपा," म्हणत नोदिरा उठली, पण तोवर पडदा सरकला होता.

गुळगुळीत पांढऱ्या भिंतीत ताटाएवढी जागा तशीच कच्ची होती, जुन्या मातीची. मध्ये गंजका खिळा. खिळ्याला टांगलेला, वाळून दगड झालेला एक नान आणि त्याच्या कडेला एका चाव्याची खूण.

हसणं थांबलं. लांब जाणारा माणूस निघताना नानाचा एक चावा घेतो, उरलेला भिंतीला टांगतात आणि परतल्यावर तो त्यानेच संपवायचा असतो. असा एखादा नान त्यातल्या कितीतरी जणींच्या घरी होता.

"गवंडी म्हणाला, उतरवून ठेवा, गिलावा झाला की परत लावू," पडदा सारखा करत नोदिरा म्हणाली. "मी म्हटलं, ज्याचा घास आहे तोच उतरवेल. चौथा हिवाळा गेला, ओपा. फोनवर फरशी दाखवली, तर म्हणाले, चमकतेय नुसती, काही दिसत नाही." मग ती उगीचच हसली. "संध्याकाळी तुमची दोघांची भांडणं ऐकू येतात. मी मधल्या भिंतीला येऊन बसते."

सालोमतने मानाच्या जागेवर बसून चहा प्यायला. तो कसा लागला, हे तिला सांगता आलं नसतं.

संध्याकाळी तिने तंदूरमधून नान काढले. तुरसुनने वरचाच उचलला, हातात फिरवला. "हाच चावून ठेवू का? सराव होईल."

तिने तो त्याच्या हातातून काढून घेतला.

"का गं? फरशी नको झाली?"

"नको कशी? हवीच. तिच्यापेक्षा भारी हवी. पण लावायची तुम्ही, इथे बसून, एकेक. मी म्हातारी होईपर्यंत पुरी झाली तरी चालेल."

"आणि एर्किनला काय सांगू?"

"सांगा, नान वाळलाय. येऊन संपव म्हणावं."

मग सालोमतने तो गरम नान मोडायला घेतला. अर्धा केला, चतकोर केला, पुन्हा मोडला, पुन्हा मोडला. खिळ्याला टांगता येईल एवढा तुकडा उरेना, तेव्हा कुठे तिने पहिला घास नवऱ्याच्या तळहातावर ठेवला.