ठोक्याला ठोका

या मंडळी, असे पुढे सरकून बसा. दाराशी बसलं की पावसाचंच ऐकू येतं, आणि आज सांगायचं आहे ते थकल्या माणसांचं, हळू आवाजातलं. दोन दिवसांची गोष्ट. ऐका, मग सावकाश घरी जा.

तर मिस्त्री दारात उभे होते आणि त्यांच्या छत्रीतून, टोपीतून, पिशवीतून पाणी गळत होतं. सहा तासांची बस, सीमेवर दोनदा उतरून रांगेत उभं राहणं, आणि परक्या शहरात पाय ठेवला तो असा धो धो पावसात.

"या भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "पाहुणा आलाय की धोब्याचं गाठोडं, कळेना मला."

हसल्या, पण हसू डोळ्यांपर्यंत पोचलं नाही. डोळ्यांखाली काळं दाटलं होतं. आतल्या खोलीतून आवाज येत होता, लोखंडावर लोखंड आपटल्याचा. टण टण. जरा थांबून पुन्हा टण टण.

"ऐकताय ना?" वहिनी म्हणाल्या. "आठ महिने झाले."

मिस्त्री होते लिफ्टचे मिस्त्री. आणि आतला तो त्यांचा जोडीदार, ज्याला सगळा कारखाना उंदीर म्हणायचा. अंगानं काटकुळा, लिफ्टच्या कसल्याही फटीतून आत शिरायचा. एकतीस वर्षं दोघांनी एकत्र काम केलं. मग मुलीनं आईबापांना आपल्याकडे, या देशात आणलं. सहा वर्षं फोनवर "येतो रे, येतो" चाललं होतं. मग फोनवर उंदराचा आवाजच येईना. अर्धांग झालं, वाचा गेली. मिस्त्री तरीही आठ महिने लांबवत राहिले. माणूस कशाला घाबरतो ते देवालाच ठाऊक. शेवटी शनिवार-रविवारला धरून निघाले.

उंदीर पलंगावर उशांना टेकून बसवलेला होता. उजवी बाजू मेलेली. डाव्या हातात चमचा, आणि तो पलंगाच्या कठड्यावर आपटत होता.

"उंदरा, अरे मी आलोय! ओळखलंस का?"

उंदरानं त्यांच्याकडे खिडकीकडे बघावं तसं बघितलं. टण टण.

मुलगी कामावर निघायच्या घाईत होती. केस विंचरता विंचरताच म्हणाली, "काका, बरं झालं आलात. सोमवारी सकाळी गाडी येणार आहे."

"कसली गाडी?"

"आजाऱ्यांना सांभाळणाऱ्या संस्थेची. बाबांना तिथं ठेवायचं ठरलंय. खालच्या मजल्यावरचे तीनदा येऊन भांडून गेले. घरमालकाची चिठ्ठी आली, आवाज बंद करा नाहीतर घर सोडा. चमचा काढून घेतला तर हातानं आपटतात, बोटं फुटली. डॉक्टर म्हणतात, त्याला काही अर्थ नाही, मेंदूची सवय आहे." तिनं कंगवा ठेवला. "मला वाईट मुलगी म्हणू नका, काका."

"अगं, मी कोण म्हणणारा?"

ती गेली. मिस्त्री खुर्ची ओढून, खिशातली किल्ली हातात घोळवत मित्राजवळ बसले. कारखान्यातल्या गमती सांगितल्या, मेलेल्यांची नावं सांगितली, जिवंतांच्या कागाळ्या सांगितल्या. उंदीर ढिम्म. बाहेर पावसाची धार, आत चमच्याची टणटण. प्रवासाचा शीण अंगात उतरला, आणि बोलता बोलता मिस्त्रींची मान छातीवर पडली.

आता इथं कान द्या. जुन्या लिफ्टचं काम कसं चाले ते ऐका. एकजण लिफ्टच्या डोक्यावर अंधारात बसायचा, दुसरा पार वरच्या खोलीत, हातानं चाक फिरवायला. मध्ये बारा मजले. हाक पोचत नाही. मग खालच्यानं पान्यानं लिफ्टच्या बाजूच्या लोखंडी रुळावर ठोकायचं. एक ठोका म्हणजे थांब, दोन म्हणजे वर घे, तीन म्हणजे खाली सोड. चाकावरच्यानं तेवढेच ठोके परत द्यायचे, आणि मगच चाक हलवायचं. जबाब आला नाही तर खालच्यानं जागचं हलायचं नाही. ठोकत राहायचं. वरचा झोपला असेल, मेला असेल, ठोकत राहायचं. उंदीर लिफ्टच्या डोक्यावर आणि मिस्त्री चाकावर, अशी ती एकतीस वर्षं.

खुर्चीत मिस्त्री झोपले होते, पण त्यांचा हात झोपला नव्हता. टण टण झालं, आणि त्या हातानं मुठीतल्या किल्लीनं खुर्चीच्या लोखंडी पायावर परत दिलं. टण टण.

खोलीत चिडीचूप झालं.

त्या शांततेनंच मिस्त्री जागे झाले. स्वयंपाकघरातून वहिनी धावत आल्या, पिठाचे हात तसेच. "काय झालं? गेले का हो?"

"नाही, वहिनी. थांबलाय."

उंदराचा हात कठड्यावर सैल पडला होता. तोंडावरची शीर न् शीर सुटली होती. दहा मिनिटं गेली, वीस गेली. मग तीन ठोके. मिस्त्रींनी तीन परत दिले. उंदरानं डोळे मिटले.

"अगं आई!" वहिनी भिंतीला टेकत खालीच बसल्या. "मी आपली त्यांच्या हाताखाली उशी घालत होते. चादरी गुंडाळत होते कठड्याला."

"त्याला वाटत असेल, वर कुणी नाहीच."

"तुम्हाला ओळखलं त्यांनी?"

खोटं बोलणं सोपं होतं. "मला ओळखलं असं नाही, वहिनी. चाकावर कुणीतरी आहे, एवढं कळलं त्याला."

रविवारी सकाळी शिकवणी सुरू झाली. वहिनींच्या हातात लाकडी उलथनं दिलं, खालच्यांना आवाज जाऊ नये म्हणून. कठड्यावर फडकं बांधलं, उंदराच्या हातात लाकडी चमचा दिला. ऐकू यायची गरज फक्त दोघांपुरती. पहिल्याच खेपेला वहिनींनी दोनाला तीन दिले. उंदीर भडकला. एक, एक, एक, असा कठडा बडवू लागला.

"अहो, त्यानं वर घ्या म्हटलं आणि तुम्ही खाली सोडायला निघालात की!"

"संसारभर त्यांनी तेच केलं माझं!" वहिनी म्हणाल्या, आणि यावेळी खरंच हसल्या.

मुलगी दाराच्या चौकटीला टेकून सगळं बघत होती. दुपारपर्यंत खालून कुणी भांडायला वर आलं नाही. तिनं संस्थेला फोन लावला, त्या देशाच्या भाषेत काहीतरी बोलली, आणि फोन ठेवून म्हणाली, "महिनाभर बघू म्हटलं. पण दिवसरात्र जबाब द्यायला कोण बसणार, काका? मी तर कामावर असते."

उत्तर स्वयंपाकघरात भांडी घासत होतं.

मुलगी दुपारच्या पाळीला गेल्यावर मिस्त्री स्वयंपाकघराच्या दाराशी आले. "वहिनी, जड जाईल तुम्हाला."

वहिनींनी नळ बंद केला. "एक सांगू, भाऊजी? गाडी येणार म्हटल्यावर मी चार दिवस रडले. आणि पाचव्या दिवशी मनात आलं, सोमवारपासून मला झोप मिळेल. मनात आलं आणि बरं वाटलं हो. देवानं ऐकलं बहुतेक ते पाप, म्हणून तुम्हाला धाडलं."

"पाप कसलं त्यात?"

"ते संस्थेत गेलेले मला नकोच होते. घरातच हवेत. पण बरं वाटलं, ते काही खोटं नाही."

मिस्त्रींना वाटलं होतं, आपण मित्राला वाचवलं. आता कळलं की सोडवलेल्या दोराचं दुसरं टोक आपणच या बाईच्या हातात दिलं. त्यांनी तिच्या हातातलं उलथनं काढून घेतलं.

"चारला बस आहे माझी. तोवर मी बसतो. तुम्ही पडा."

"पाहुण्याला बसवून मी झोपू होय?"

"पाहुणा कसला? चाकावरचा माणूस मी. पडा म्हणतो ना."

वहिनी बाहेरच्या खोलीत कलंडल्या त्या कलंडल्याच. मिस्त्री जबाब देत राहिले. दोनाला दोन, तीनाला तीन. दोनदा त्यांनी उंदराला पाणी पाजलं, एकदा कूस बदलली. चार वाजले, बस गेली. पाच वाजले. सोमवारी सकाळी कामावर हजर व्हायचं होतं, तेही आता जमणार नव्हतं. मिस्त्री उठले नाहीत.

सहाला मुलगी आली. "काका, अजून इथंच? थांबा, आईला उठवते, नमस्कार तरी करील."

"हात लावशील तर बघ," मिस्त्री पुटपुटले. उलथनं तिच्या हातात दिलं. मित्राच्या कपाळावर तळवा ठेवला, जरा वेळ तसाच राहू दिला, आणि पिशवी उचलली.

बाहेरच्या खोलीत वहिनी गालाखाली हात घेऊन लहान पोरीसारख्या झोपल्या होत्या. पायांवरचं पांघरूण सरकलं होतं. मिस्त्रींनी ते ओढून घातलं, दाराची कडी दोन्ही हातांनी धरून बिनआवाजाची लावली, आणि पावसात उतरले.

उंदराची काळजी देवाला आहे, मंडळी, आणि मिस्त्रींना दुसऱ्या दिवशीची बस मिळाली. माझं हात जोडून मागणं आहे ते निराळं. आज अंथरुणाला पाठ टेकाल, तेव्हा त्या बाईची एकदा आठवण काढा. तिला त्या रविवारी चार तास झोप मिळाली.