धक्का लावू नये

लातूरच्या बसस्थानकाबाहेर पाऊल टाकताच ताहेर मास्तरांना यासेर दिसला, तो वीस फूट उंच. फलकावर बारावीला आणि सीईटीला चमकलेल्या सत्तावीस मुलामुलींची छायाचित्रे ओळीने लावलेली होती, आणि प्रत्येकाखाली रसायनशास्त्राचे गुण छापलेले होते. त्या सगळ्यांच्या मधोमध, चेंडू काखेत धरून, यासेर हसत होता. छातीवर क्लासचे नाव आणि प्रवेशासाठीचा फोन क्रमांक होता. नावाखाली, गुणांच्या जागी, 'भारताकडून खेळलेला' असे छापले होते. ते खोटे होते. यासेरला भारताच्या सराव शिबिराचे बोलावणे आले होते एवढेच खरे. आणि तो शिबिराला का गेला नाही, हे मास्तरांना नेमके ठाऊक होते.

मास्तर म्हणजे शाळेतले मास्तर नव्हेत. नांदेडच्या जुन्या गावात त्यांचे सायकल दुरुस्तीचे दुकान होते, आणि ते उघडण्यापूर्वी, पहाटे पाच ते सात, ते नवजवान क्लबच्या पोरांना फुटबॉल शिकवीत. हा क्रम एकतीस वर्षे अखंड चालला होता. आता खुब्याचे हाड झिजले होते आणि डॉक्टरांनी धावण्यास सक्त मनाई केली होती. क्लब सांभाळायला कोणीतरी हवे होते, आणि त्यांनीच घडवलेल्या यासेरवाचून दुसरे नाव मास्तरांच्या मनात कधी आलेच नव्हते. यासेरनेही कोलकात्यात खेळत असताना तीनदा फोनवर शब्द दिला होता : "पाय थकले की येतो, उस्ताद. पोरं मी बघतो." पाय थकले, यासेर मराठवाड्यात परतलाही, पण नांदेडला न येता तो लातूरला उतरला. तो येणार की नाही, एवढे एक उत्तर घेऊन मास्तरांना संध्याकाळच्या गाडीने परतायचे होते. उत्तर नकाराचे आले, तर क्लबला कुलूप लागणार हे उघड होते.

पैसा दिसला की नाक मुरडणाऱ्यांपैकी मास्तर नव्हते. ज्याची मिळकत गुडघ्यावर अवलंबून आहे, त्याने गुडघा शाबूत आहे तोवर मिळेल तेवढे मिळवावे, असे ते स्वतःच पोरांना सांगत. मात्र खेळ विकणे वेगळे आणि खेळाचे सोंग विकणे वेगळे, असे त्यांचे ठाम मत होते. आणि हा फरक मैदानावर पाच मिनिटांत ओळखू येतो, असे म्हणून ते कुणाशीही वाद घालायला तयार असत.

मैदानावर पोहोचल्यावर त्यांना पाच मिनिटेही लागली नाहीत. शहरातल्या चार बड्या क्लासेसनी मिळून 'विद्या चषक' नावाची, मार्चपर्यंत दर रविवारी चालणारी स्पर्धा भरवली होती. प्रत्येक संघात नऊ विद्यार्थी आणि दोन 'मोठे खेळाडू'. गोव्याचा एक गोलरक्षक खांबाला पाठ टेकून भजी खात होता. कोलकात्याचा एक मधल्या फळीतला खेळाडू सरावालाच खुर्ची मागत होता. दोन हजार विद्यार्थी वर्गवार बसवले होते आणि प्रवेशद्वाराशी त्यांची हजेरी घेतली जात होती.

यासेर एका थंडगार गाडीत गुडघ्यांना पट्ट्या बांधत होता. मास्तरांना पाहून तो धडपडत उतरला आणि त्याने त्यांना मिठी मारली.

"केस काळे केलेस का रे?" मास्तरांनी विचारले.

"फोटोसाठी, उस्ताद. सरांनी सांगितलं."

"आणि पोट? तेही सरांनीच सांगितलं?"

यासेर खो खो हसला. "तुमची जबान अजून तशीच हाय."

"मी विचारायला आलोय, यासेर. येतोस का न्हाई?"

"मॅच तर होऊ द्या. मग बोलू निवांत."

"हाव का न्हाई, एवढ्याला मॅच कशाला लागते?"

तेवढ्यात रेवणप्पा सर आले. ते यासेरच्या संघाचे मालक आणि शहरातल्या सर्वांत मोठ्या क्लासचे चालक. पांढरा शर्ट, दोन खिशांत दोन मोबाइल, आणि मागे शाल-नारळ घेऊन दोन शिक्षक.

"मास्तर, तुमचं नाव यासेरच्या तोंडून लई ऐकलं," ते हात जोडून म्हणाले. "त्र्याण्णवला आमचं गाव झोपलं ते उठलंच न्हाई. ह्या यासेरनं माझ्या आईला दगडाखालून काढलं. जिती न्हाई निघाली. पण काढलं त्यानं. सोळा दिवस होता आमच्यात. चहाशिवाय आमच्याकडून काही घेतलं न्हाई. पुढं मी तिथल्याच टिनशेडमध्ये अकरा पोरं घेऊन पहिला क्लास चालू केला."

मास्तरांना भूकंपानंतरचे ते सोळा दिवस ठाऊक होते. शिबिराची तार यासेरच्या खिशात होती आणि शिबिर त्याच पंधरवड्यात होते.

"तवा त्यानं घेतलं न्हाई," रेवणप्पा म्हणाले, "आता मी देऊन राहिलो. ह्यात कुणाचं काय जातं, सांगा बरं?"

मास्तरांना तो माणूस ओंगळ वाटत होता आणि त्याचा मुद्दा मात्र बिनतोड होता. याचाच त्यांना अधिक राग आला.

मग रेवणप्पांनी मास्तरांच्या खांद्यावर शाल घातली आणि एक चकचकीत शिट्टी त्यांच्या हातात दिली. "पहिली शिट्टी उस्तादांची!"

येथे एक गोष्ट सांगणे भाग आहे. नांदेडच्या मैदानांवर वडीलधाऱ्याच्या हाती शिट्टी देणे म्हणजे सबंध सामना त्याच्या हाती देणे, अशी जुनी रीत आहे. ती नाकारणे हा मैदानाचा अपमान. आणि एकदा घेतली की समोर सख्खा मुलगा खेळत असला तरी निवाडा चोखच करायचा. लातूरकरांच्या लेखी मात्र ती शिट्टी समारंभातली समई होती : पाहुण्याने पेटवायची आणि बाजूला व्हायचे. मास्तरांना हे कोणी सांगितले नाही, आणि सांगायचे असते हे कोणाला सुचलेही नाही. त्यांनी शाल घडी करून रेषेबाहेर ठेवली आणि ते बुटांची तपासणी करू लागले.

विरुद्ध संघात मुखेडचा बसवंत म्हणून एक बारावीचा उंच विद्यार्थी बचावाला होता. त्याने हळूच विचारले, "सर, त्यांना खरंच धक्का लावायचा न्हाई का?"

"कोणाला?"

"मोठ्या खेळाडूंना. आमच्या वर्गात नोटीस वाचून दाखवली : मोठ्या खेळाडूंना धक्का लावू नये."

"धक्का कुणालाच लावायचा नसतो," मास्तर म्हणाले. "चेंडू काढायचा असतो. त्याच्या पायात असला तर तू काढ. मी बघतो."

पहिली शिट्टी वाजली. पगारी पंच हसत पुढे आला आणि त्याने शिट्टीसाठी हात पुढे केला. मास्तरांना वाटले, हस्तांदोलन. त्यांनी तो हात प्रेमाने दाबला आणि चेंडूमागे लंगडत धावू लागले. पंच जागीच उभा राहिला.

वीस मिनिटे जे चालले, त्याला मास्तरांच्या भाषेत नाव नव्हते. यासेरकडे चेंडू गेला की पोरे वाटेतून बाजूला होत. तो चालत चालत जाई, गर्दीकडे बघून चेंडू गुडघ्यावर उडवी, आणि ध्वनिक्षेपकावर त्याच्या नावाआधी क्लासचे नाव घेतले जाई. ज्या डाव्या पायावर मास्तरांनी सात वर्षे मेहनत घेतली होती, तो पाय मांडवातल्या नाच्यासारखा टाळ्या मागत फिरत होता. मास्तरांना बघवेना, पण हातात शिट्टी होती, तेव्हा बघणे भाग होते.

एकविसाव्या मिनिटाला यासेर गोलक्षेत्रात शिरला आणि बसवंत बाजूला झाला नाही. त्याने पाय लांबवला, चेंडू स्वच्छ काढून घेतला आणि पुढे धाडला. निमिषभर यासेर उभाच होता. मग त्याला आठवण झाल्यासारखे झाले आणि तो गुडघा धरून कोसळला.

दोन हजार कंठ ओरडले. मास्तरांनी शिट्टी वाजवली नाही. "ऊठ," ते म्हणाले.

रेवणप्पा शर्ट सावरत मैदानात आले. "मास्तर, पेनल्टी द्या आन् शिट्टी ह्या पंचांकडं द्या. तुमचं काम झालं होतं कवाच."

"शिट्टी दिलीत ना तुम्ही? मग निवाडा माझा."

"अहो, मानाची होती ती!"

हशा पिकला. मास्तरांना आपली चूक तेव्हा कळली. कानशिले तापली, तरी ते हलले नाहीत. बसवंत शेजारी उभा होता, घामेजलेला, आणि त्याला ते 'मी बघतो' म्हणाले होते.

"ठीक हाय," मास्तर म्हणाले. "मीही सांगत न्हाई, तुम्हीही सांगू नका. ज्याला लागलं तो सांगेल. यासेर, धक्का लागला का?"

यासेरने मास्तरांकडे पाहिले, मग रेवणप्पांकडे, आणि शेवटी गवताकडे.

"लागला, उस्ताद."

"पुन्हा सांग."

"लागला म्हणलं ना! जाऊ द्या की आता."

बसवंतच्या क्लासच्या सरांनी त्याला हाताने बाहेर बोलावले आणि दुसरा मुलगा आत पाठवला. मास्तरांनी शिट्टी पगारी पंचाच्या हातात ठेवली. यासेरने चेंडू मांडला, गोव्याचा गोलरक्षक अदबीने एका बाजूला झाला, गोल झाला. ध्वनिक्षेपकाने आधी क्लासचे नाव घेतले.

मास्तर फाटकापाशी पोहोचले तोच मध्यंतर झाले आणि मागून यासेर लंगडत आला. हे लंगडणे खरे होते.

"उस्ताद, थांबा. येतो मी. हाव म्हणतोय. मार्चला इथलं संपलं की नांदेडला. पोरांना सांगा."

ज्या उत्तरासाठी मास्तर पहाटे निघाले होते, ते हेच.

"नको," ते म्हणाले.

"काय नको?"

"येऊ नको."

"एका पेनल्टीपायी? तुम्ही त्यासाठीच आलात ना?"

"त्यासाठीच आलो होतो. पेनल्टीचं काही न्हाई, हजार चुकीच्या दिल्यात लोकांनी. मी तुला विचारलं होतं. उद्या माझी पोरं तुला विचारतील, पडलो तर काय सांगायचं. तू काय शिकवशील ते मला आज कळलं."

यासेरचे तोंड वाकडे झाले. "आन् मी दगड उचलले ते? शिबिर सोडलं ते? ते काहीच न्हाई?"

"ते तुझ्याकडून कोणी काढून घेतलं न्हाई. तूच विकून राहिलास, थोडं थोडं, दर रविवारी."

"मग शिकवणार कोण? तुमच्यानं चालवत न्हाई!"

"खुर्ची टाकून बसेन. ओरडायला खुबा लागत न्हाई."

यासेर आणखी काहीतरी बोलला, पण दुसऱ्या सत्राची शिट्टी झाली आणि त्याला पळावे लागले.

नांदेडची गाडी अहमदपूरला थांबली तोवर मास्तरांच्या खुब्यात कळा सुरू झाल्या होत्या. किळस अजून ओसरली नव्हती, आणि तिच्यातला थोडासा वाटा त्यांचा स्वतःचाही होता : ज्याच्या सोळा दिवसांची गोष्ट त्यांनी अकरा वर्षे प्रत्येक नव्या पोराला सांगितली, त्याची गोष्ट आता कोणत्या तोंडाने सांगणार? त्यांनी ती पुन्हा सांगायची नाही असे ठरवले. मग वाटले, सांगावी. पण सबंध सांगावी, आजच्या दिवसासकट. सकाळी पाचला चौदा पोरे येणार होती. दुकानातली लोखंडी खुर्ची जड होती आणि मैदानापर्यंत ती दोघांनी धरून न्यावी लागणार होती.