डावा कोपरा

दिवे लागायची वेळ झाली की टाकीतले सगळे गप्पी मासे डाव्या कोपऱ्यात जमायचे. एरवी माद्यांच्या मागे शेपट्या नाचवत हुंदडणारे नरसुद्धा खेळ टाकून निघायचे. काचेला तोंडं लावून, एकमेकांना न ढकलता, गपगुमान उभे राहायचे. समोर वेताची एक खुर्ची होती. खुर्चीत कुणी नसायचं.

ती लग्न होऊन या घरात आली तेव्हा नवऱ्याची लेक भिंगरी जेमतेम बोलायला लागली होती. भिंगरीला जन्म देणारी त्याआधीच आजारपणात गेलेली. घरात तिचं नाव कुणी घेत नसे. ‘आधीची’ म्हणत, आणि तेवढं म्हणतानाही आवाज खाली जायचा.

आधीची शिवणकाम करायची. संध्याकाळी मशीनवरून उठली की त्या खुर्चीत बसायची, बोटातलं शिवणाचं टोपण काचेवर टकटक वाजवायची आणि चिमूटभर खाणं टाकायची. मासे धावत यायचे. हे सगळं सासूबाईंनी सांगितलेलं, भाजी निवडता निवडता. पण त्यालाही वर्षं लोटली. गप्पी जगून जगून जगणार किती? आधीचीच्या हातचं खाल्लेला एकही मासा आता टाकीत नव्हता. आताच्यांना खाणं सकाळी मिळायचं, टाकीच्या मधोमध, आणि टकटक कुणी करत नव्हतं. तरी जमायचे.

“भूक लागत असेल,” नवरा म्हणाला. त्याच्या लेखी माणसाचं काय नि माशाचं काय, सगळं भुकेपाशी येऊन थांबायचं.

“मग खुर्चीकडेच का बघतात?”

“तुझ्याकडे बघत नाहीत म्हणून रुसलीस होय?”

तिने खुर्ची हलवून पाहिली. मग नवऱ्याला कामाला लावून टाकीच दुसऱ्या भिंतीला नेली. संध्याकाळी मासे पुन्हा डाव्या कोपऱ्यात. खुर्ची तिकडे नव्हती, तर रिकाम्या जागेकडे बघत उभे राहिले. ते जास्तच वाईट दिसलं. तिने मुकाट्याने खुर्ची आणून पुन्हा समोर ठेवली.

“टाकी फिरवून झाली,” सासूबाई म्हणाल्या, “आता मासेही एकेक उचलून फिरवून ठेव.”

त्यानंतर बाळ झालं. त्याला पाजायला ती त्याच खोलीत बसायची, टाकीकडे पाठ करून. मानेवर नजर टेकल्यासारखी वाटायची. वळून बघितलं तर मासे तिच्याकडे बघतच नसायचे. तिच्या खांद्यावरून पलीकडे, खुर्चीकडे.

अशातच एका मादीचं पोट चौकोनी दिसायला लागलं, शेपटीजवळचा डाग काळाभोर झाला. आजवर टाकीतली पिल्लं पाणवनस्पतींच्या आडोशाला वाचतील तेवढी वाचत. बाकीची मोठ्यांच्या, कित्येकदा आईच्याच, पोटात जात. पण तिच्या स्वतःच्या बाळंतपणाच्या वेणा अजून अंगात होत्या. या वेळी तिला ते बघवलं नसतं. तिने मादीला अलगद जाळीत धरून काचेच्या मोठ्या बरणीत ठेवलं. पिल्लं झाली तशी तिला परत टाकीत सोडलं. पिल्लं म्हणजे काय, दोन डोळे आणि एक शेपूट, मध्ये नावापुरतं काहीतरी.

बरणी स्वयंपाकघराच्या खिडकीत आली. बाळाचा डोळा लागला की ती उकडलेला बलक फडक्यात बांधून पाण्यात पिळायची, तळाची घाण नळीने ओढायची, आदल्या दिवशी भरून ठेवलेलं पाणी घालायची.

“पोटचं एक पुरलं नाही म्हणून ही फौज घेतलीस का अंगावर?” सासूबाई म्हणाल्या. पण रोज सकाळी वाटीत बलक त्यांनीच काढून ठेवलेला असायचा.

संध्याकाळ झाली तरी बरणीतली पिल्लं फिरतच राहायची. कुठल्याही बाजूला जमत नव्हती, कुणाची वाट बघत नव्हती. तिला इतकं हलकं वाटलं की तिचं तिलाच नवल वाटलं. बाळ सोडलं तर या घरात आधीचीने हात न लावलेलं असं हे पहिलंच.

माशांचं खाणं आणायला गेली तेव्हा तिने दुकानातल्या काकांना या जमण्याचं विचारलं.

“लहान मोठ्यांच्या मागे जातात,” काका म्हणाले. “मोठे का जातात? तेही कधीतरी लहान होते. आता मी हे दुकान का चालवतो? बाप चालवायचा म्हणून. मला तर मासे आवडतही नाहीत.”

ती हसली. पण घरी येताना अंगावर काटा आला. म्हणजे ती हाक आधीचीचीच होती. एका माशाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे, अजून चाललेली.

एका सुट्टीच्या दिवशी नवऱ्याने टाकी धुवायची हौस केली. पाणी साठवलेलंच घालायचं हे त्याला ठाऊक होतं, पण हौसेपुढे राहिलं. त्याने नळाचं ताजं पाणी ओतलं, आणि त्या दिवशी नळाला औषधाचा वास दणकून येत होता. दुपारपर्यंत मासे वर तरंगले. नवरा हातात जाळी घेऊन बसून राहिला. 

एकच वाचली. कंबरेत वाकलेली म्हातारी मादी, भिंगरी तिला कुबडी म्हणायची. संध्याकाळी कुबडी एकटीच निघाली, आणि एवढी मोठी टाकी पार करून डाव्या कोपऱ्यात जाऊन उभी राहिली.

भिंगरी जमिनीवर फतकल मारून बघत होती. “आज आईकडे एकटीच गेली.”

“कोणत्या आईकडे?”

“खुर्चीतल्या. ती येऊन बसली की मासे जातात ना तिकडे.”

भिंगरीला दोन आया होत्या. एक वेणी घालायची, एक खुर्चीत यायची. यात तिला काही अवघड वाटत नव्हतं.

“कुबडी मेली की मग कसं कळणार?” तिने विचारलं. “ती आलीय ते?”

“बरणीतली पिल्लं आहेत की.”

“त्यांना येत नाही.”

 खरं तर तिला काही करावंही लागणार नव्हतं. कुबडी आज ना उद्या जाणार होती. त्यानंतर पिल्लं टाकीत सोडायची, की कोपरा मोकळा. तिला कुणी बोल लावला नसता. नवरा तर आपणहून म्हणाला, “लहान आहेत अजून, थांब.” ती थांबली. पिल्लं कुबडीच्या तोंडात मावणार नाहीत एवढी झाली, नरांच्या शेपट्यांत रंग भरायला लागला, तरी थांबली. कुबडी पोहण्यापेक्षा तळाशी टेकायचीच जास्त. पण संध्याकाळी उठायची.

एक दिवस सकाळी स्वयंपाकघरातून टकटक ऐकू आली.  बाळाला तसंच कडेवर मारून ती धावली. भिंगरी स्टुलावर उभी होती. मशीनच्या खणातलं टोपण तिच्या बोटात डुगडुगत होतं, आणि ती बरणीवर वाजवत होती. पिल्लं घाबरून सैरावैरा पळत होती.

“इकडे या ना,” भिंगरी त्यांना समजावत होती. “अशी असते ती. मला पण माहीत नाही कशी, पण तुम्ही या ना.”

कडेवरच्या बाळाने तिच्या मानेत तोंड खुपसलं. उद्या आपण नसलो तर याला कोण दाखवणार, आपण कुठे बसायचो? तिने भिंगरीचं बोट हातात घेतलं, टोपण नीट घट्ट बसवलं.

“हे टाकीवर वाजवायचं, राणी. बरणीवर नाही.”

त्याच सकाळी तिने बरणी टाकीच्या पाण्यात अर्धी बुडवून ठेवली, टाकीतलं पाणी वाटीवाटीने तिच्यात मिसळत राहिली, आणि मग पिल्लं सोडून दिली. ती वनस्पतींत पांगली. कुबडी तळाशीच होती.

पहिल्या संध्याकाळी कुबडी एकटीच गेली. दुसऱ्याही. भिंगरी टोपण वाजवून कंटाळली. मग एके संध्याकाळी कुबडी वाकडीतिकडी होत निघाली तशी एक पिल्लू तिच्या मागे लागलं. त्याच्या मागे दुसरं. थोड्या वेळात सगळा घोळका काचेला तोंडं लावून उभा होता. पिल्लं आयुष्यात पहिल्यांदा उभी राहत होती, तरी जुन्या सवयीची वाटत होती.

“आई, आता तू पण बस,” भिंगरी म्हणाली.

आजवर ती त्या खुर्चीत बसली नव्हती. बाळाला घेऊन ती जपून टेकली. वेत कुरकुरला. एवढेसे डोळे तिच्या खांद्यावरून पलीकडे बघत होते.

वळून बघावंसं तिला वाटलं नाही. ती जरा एका बाजूला सरकली आणि जागा करून दिली.