शेवटचा पाय

"बाबांना काम मिळवून देतेयस, की बाबांचंच प्रदर्शन मांडतेयस?" सासूबाईंनी विचारलं होतं.

सुनेने ते हसण्यावारी नेलं. "आई, तुमचं आपलं काहीतरीच! जुनी हत्यारं काचेच्या कपाटात ठेवायचे दिवस गेले. आता संग्रहालयात माणसं प्रत्यक्ष काम करताना दिसतात. मान आहे तो."

बाबा म्हणजे तिचे सासरे, सुतार. दुकान बंद झाल्यापासून खिडकीशी बसून असत. संग्रहालयाने 'जिवंत कार्यशाळा' काढली तेव्हा अर्ज तिनेच भरला. पहिल्या दिवशी लेकीला कडेवर घेऊन प्रेक्षकांसाठी बांधलेल्या दोरीबाहेरून टाळ्याही वाजवल्या.

दोन-तीन महिन्यांत घरात काहीतरी बिनसलंय हे तिला जाणवू लागलं. लेकीच्या पलंगाचा सैल कठडा बाबांनी काढला आणि तसाच भिंतीला टेकवून ठेवला. दाराची कडी एकाच स्क्रूवर लोंबकळत होती. ज्याने जन्मात एक खिळा वर राहू दिला नाही, त्याच्या घरात! विचारलं की म्हणायचे, "करतो गं उद्या."

एकदा ती लेकीला घेऊन संग्रहालय बंद व्हायच्या वेळी त्यांना आणायला गेली. बाबांनी दिवसभर खपून जोडलेलं स्टूल दोन कर्मचारी उलटं धरून सुटं करायच्या बेतात होते. चौथा पाय पेटीत तसाच पडलेला.

"हे काय चाललंय?"

विभागप्रमुख बाई गोड हसल्या. "अहो, लोकांना प्रक्रिया बघायची असते. तयार स्टूल काय, बाजारात मिळतंच. उद्या हेच पुन्हा जोडतील."

"तीन महिने एकच स्टूल?"

"शेवटचा पाय आम्ही बसवूच देत नाही. सुटं करायला सोपं पडतं."

तिचं डोकं सणकलं. "भिंतीवर हातभर अक्षरात लिहिलंय, 'हातांचा सन्मान'. लाज वाटत नाही?"

"आवाज खाली ठेवा, मॅडम."

तिने दोरी ओलांडली, कर्मचाऱ्याच्या हातातून स्टूल ओढून घेतलं आणि बाबांपुढे आदळलं. "बाबा, बसवा तो पाय. बघते कोण अडवतंय ते!"

बाबांनी हातोडी उचलली. पाय खाचेवर धरला. मग दोन्ही हळूच खाली ठेवलं.

"नको गं. काढताना त्यांना त्रास होतो."

त्या बाईंचा गळा धरावासा वाटला तिला. त्याहून जास्त स्वतःचा. बाबांना हाताला धरून तिने घरी आणलं, ते कायमचंच. सासूबाईंनी नुसतं ताट वाढलं. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

आता त्या दोरीमागे टोपल्या विणणाऱ्या आजी बसतात म्हणे. त्या भांडणापासून सुनेला दारातूनच परत पाठवतात. म्हणून भेटेल त्याला ती सांगते, तुम्हालाही सांगतेय: जाल तेव्हा फोटो नंतर काढा. आधी आजींजवळ जा आणि विचारा, कालची टोपली कुठे गेली. गप्प बसल्या, तर तिथून हलू नका.