आठ ओळींची शिळा

नगरपालिकेचा कारकून दारात दिसला आणि अक्षरवालीच्या हातातला ब्रश गळून पडला. बिचाऱ्या कारकुनाचा यात काडीचाही दोष नव्हता. पण लढाई सुरू झाल्यापासून वाईट बातमीचा कागद घरी पोचवायचं काम त्याच्या गळ्यात पडलं होतं, आणि तेव्हापासून त्याला कुणी चहा विचारत नसे. तो गल्लीत शिरला की दारं लागत. दार बंद दिसलं की मरण पुढच्या घरी जातं, अशी लोकांची समजूत असावी.

"घाबरू नका वहिनी, ऑर्डर आहे," तो उंबऱ्याबाहेरूनच म्हणाला. साध्या कामाला आला की हे वाक्य तो आधी म्हणून टाकी. मगच लोक श्वास सोडत.

अक्षरवालीने श्वास सोडला आणि पडलेला ब्रश उचलला. तिचा एकुलता एक मुलगा आघाडीवर होता आणि अकरा दिवस त्याचा फोन नव्हता.

तिचा नवरा दगडावर नावं कोरायचा, ती त्या अक्षरांत रंग भरायची. म्हणून तो अक्षरवाला आणि ती अक्षरवाली. ऑर्डर होती शाळेच्या आवारात लावायच्या शिळेची, शेजारच्या मास्तरीणबाईंच्या मुलासाठी. तो इतका उंच आणि किडकिडीत की सगळे त्याला बांबूच म्हणत. बांबू आणि अक्षरवालीचा मुलगा एकाच दिवशी भरती झाले, एकाच तुकडीत गेले. महिन्यापूर्वी कारकून गल्लीत आला, अक्षरवालीच्या दाराशी क्षणभर घुटमळला आणि पुढे मास्तरीणबाईंकडे वळला. त्या क्षणी तिच्या मनात एकच शब्द आला होता. सुटले. त्या दिवसापासून बाईंच्या नजरेला नजर द्यायची तिची हिंमत नव्हती.

दुपारी नवरा टोकदार सळईने शिळेवर रेघा मारायला बसला. एक झाली, दोन झाल्या. पाचव्या रेघेला तिला राहवेना.

"अहो, नाव तर एकच आहे. मग इतक्या रेघा कशाला?"

"कागदावर आठ ओळी लिहिल्यात."

"कुणासाठी?"

त्याने दगडावरची भुकटी फुंकली आणि सहावी रेघ मारली.

मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात, ते उगाच नाही. ती मोजायलाच लागली. गावातली नऊ मुलं लढाईवर गेली होती. बांबू गेला, राहिले आठ. शिळेवर उरलेल्या ओळी सात. म्हणजे नगरपालिका एकालाच परत आणणार होती की काय? आणि तो एक कुणाचा? हे मोजणं वेडेपणाचं आहे हे तिला कळत होतं. कळून काय उपयोग, मोजणं थांबेना.

तिने ओलं फडकं घेऊन दुसरी रेघ घासून पाहिली. जाईना. मग घोटायचा दगड उचलला.

"राहू दे," नवरा म्हणाला. "ही पुसलीस तर ते दुसरी शिळा आणतील. दगडांना काय तोटा?"

तिला त्याचा संताप आला. माणसाला काळीज आहे की छिन्नी? मग तिचं लक्ष आठव्या रेघेकडे गेलं. शेवटाला ती खाली घसरली होती. तीस वर्षांत त्याची रेघ कधी वाकडी गेली नव्हती. तिने घोटायचा दगड खाली ठेवला.

त्यांच्या कारखान्यात सासऱ्यांच्या वेळेपासूनचा एक नियम होता. नाव आधी खडूने लिहायचं, घरच्या माणसाने त्यावरून बोट फिरवायचं, आणि मगच छिन्नी लावायची. पूर्वी एकदा चुकीच्या नावाची शिळा फोडावी लागली होती, तेव्हापासूनचा. दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तरीणबाई बोट फिरवायला आल्या. अक्षरवाली रंगाच्या डब्यांमागे जाऊन उभी राहिली.

बाईंनी चष्मा चढवला. चाळीस वर्षं वह्या तपासलेलं ते बोट पहिल्या ओळीवरून सावकाश गेलं. "वेलांटी बरोबर आहे," त्या म्हणाल्या. पण बोट उचललं नाही. ते खालच्या रिकाम्या रेघेवर आलं, मग तिच्या खालच्या, एकेक करत आठव्या वाकड्या रेघेपर्यंत.

"या कुणाच्या?"

अक्षरवाला मान खाली घालून छिन्नी पुसत राहिला. बाई वळल्या. "तुझ्या पोराचा फोन आला का गं?"

"नाही, बाई." आणि मग महिनाभर मनात दाबलेलं बाहेर पडलंच. "बाई, त्या दिवशी कारकून आमच्या दारावरून पुढे गेला ना, तेव्हा मला बरं वाटलं होतं."

बाईंनी चष्मा काढून पदराला पुसला.

"मी खिडकीत होते," त्या म्हणाल्या. "तो तुझ्या दाराशी थांबला, तेव्हा मी देवाला म्हटलं, याला तिथेच थांबव. तुझ्या पोराला मीच मुळाक्षरं शिकवली, तरी म्हटलं."

अक्षरवालीला रडू फुटलं. बाई रडल्या नाहीत. त्यांनी फडकं घेतलं आणि खडूचं नाव स्वतःच पुसून टाकलं.

"अक्षर मोठं करा. वरपासून खालपर्यंत. माझा पोरगा उंच होता, त्याला जागा लागते. खाली कुणाला जागा उरता कामा नये."

"बाई, ते दुसरी शिळा..." अक्षरवाला म्हणाला.

"आणतील तेव्हा बघू. ही माझ्या पोराची आहे."

दोघी पदर खोचून बसल्या आणि रेघा घोटू लागल्या. दुपार कलेपर्यंत शिळा आरशासारखी झाली. अक्षरवाल्याने मुठीएवढ्या उंचीची अक्षरं काढली, नाव तीन ओळींत पसरलं. तरी तळाशी एका ओळीची जागा उरलीच. तिघंही त्या जागेकडे बघत राहिले.

"तिथे माझं नाव घाला," बाई म्हणाल्या. "त्याची आई म्हणून."

"जिवंत माणसाचं नाव घालत नाहीत, बाई."

"मग कुणाचं घालता?"

त्याने खडू उचलला. तळाच्या जागेत बाईंचं नाव लिहून झालं, तेव्हा त्यांनी अक्षरवालीचं मनगट धरलं. "नियम आहे ना तुमचा? माझ्या घरी आता कुणी नाही. बोट तू फिरव."

तिने पहिल्या अक्षरावर बोट टेकवलं, आणि बाहेर फाटक वाजलं. कारकुनाची ती घासत चालायची चाल गल्लीत सगळ्यांना पाठ होती. तिचं बोट जागच्या जागी थिजलं. बाईंची पकड घट्ट झाली. कुणीच मागे वळून पाहिलं नाही.

पावलं उंबऱ्याशी थांबली. तो धापा टाकत होता. ते वाक्य येईना. तिने डोळे मिटले.

"घाबरू नका वहिनी," तो अखेर म्हणाला, "शिळा झाली का बघायला आलोय."

बाईंनी मनगट सोडलं नाही. तेव्हा कुठे तिचं बोट पुढच्या अक्षरावर गेलं.