ओळंब्याच्या घरची फरशी

धाकट्या मुलीला जुळं झालं, त्या साली ओळंब्याच्या डाव्या गुडघ्याने दगा दिला. ओळंबा, म्हणजे सरळ रेघ पाहायची गवंड्याची वजनाची दोरी, हे त्याला लोकांनी दिलेलं नाव. चाळीस वर्षं त्याने घरोघरी फरश्या बसवल्या, एक रेघ वाकडी गेली नाही. पाय मात्र आता कंसासारखे वाकले होते.

त्याच्या स्वतःच्या स्वयंपाकघरात अजून सिमेंटचा खरखरीत कोबाच होता. ‘पुढच्या महिन्यात बसवतो’ असं बायकोला सांगत तीस वर्षं गेली. आता तिचं हृदय थकलं होतं.

“मी जायच्या आत बसवा म्हणजे झालं,” ती म्हणाली. ही थट्टा नव्हती.

तरुण डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे उजेडात धरला. “काका, याच गुडघ्यावर भार देता?”

“फरशी त्यानेच चेपतो. हातोडीवर माझा भरवसा नाही.”

“वय आहे, वजन आहे, पायांचा बाक आहे. पण खरी झीज या चेपण्याने. हाडांमधली कूर्चा संपत आलीय.”

ओळंब्याने काठीने पायाखालची फरशी ठोकली. बद्द आवाज आला. “हिच्याखाली माल नाही. तसंच ना?”

“अगदी तसंच!” बाई हसल्या. मग त्यांनी नव्या उपचाराचं सांगितलं. दात्याच्या मूळ पेशी वाढवून गुडघ्यात टोचायच्या. “अजून चाचणी चाललीय. कूर्चा पुन्हा येते असं छातीठोक सांगणार नाही. निम्म्या लोकांना नुसतं खारं पाणी मिळतं, कोणाला ते मलाही कळत नाही. आणि तीन महिने गुडघा टेकायचा नाही. मांडीचा व्यायाम रोज.”

“टोचा,” ओळंबा म्हणाला.

रोज सकाळी तो पलंगावर पडून पाय सरळ उचलून धरी. बायको दहा आकडे मोजी. सातावर आली की पुन्हा पाचावर जाई.

“अगं, सात झाले!”

“मोजणारी मी आहे. धरा गुमान.”

चौथ्या महिन्यात त्याने फळीला चाकं ठोकली आणि तिच्यावर बसून स्वतःच्या स्वयंपाकघरात कामाला लागला. जन्मभर हिणवलेली रबरी हातोडी मुकाट्याने हातात घेतली. पूर्वी दोन दिवसांत उरकलं असतं ते काम अकरा दिवस चाललं. बायकोने पळी घेऊन एकेक फरशी वाजवून पाहिली. एकही बद्द वाजली नाही.

वर्षाने दवाखान्याचं पत्र आलं. ओळंब्याला टोचलं होतं ते खारं पाणी.

“एवढंच होतं तर मी घरीच दिलं असतं, चिमूटभर मीठ घालून,” बायको म्हणाली.

ओळंब्याने पत्राची घडी केली, पलंगावर आडवा झाला आणि पाय उचलला. “मोज.”

त्या फरशीवर ती अडीच वर्षं वावरली. जुळ्यांना तिसरं वर्ष पूर्ण झालं त्या महिन्यात, एका मंगळवारी सकाळी, ती वारली.