उजव्या गुडघ्याचा राखणदार

गलबतावर तांडेल, म्हणजे खलाशांचा म्होरक्या, म्हणून जन्म काढलेल्या विश्रामाची लघवी अडली. मालवणच्या डॉक्टरांनी ‘प्रोस्टेटची गाठ, बहुधा कॅन्सर’ असं निदान करून मुंबईच्या मोठ्या सर्जनकडे जायला सांगितलं. विश्रामानं आधी विमा एजंट असलेल्या पुतण्याला, दत्तारामाला, गाठलं.

“काका, आमचो विमो आयुष्याचो. पैसे गावतले, पण तुमी गेल्यावर.”

“मगे तेवा माका सर्जन कित्याक व्हयो?”

दत्तारामानं फॉर्म परत पिशवीत घातला.

राहिला वाडीचा राखणदार देव. शिवेवरच्या पाषाणात त्याचा मुक्काम. खांद्यावर घोंगडी, हातात काठी. दरसाल कोंबडा आणि विडीबंडल पोचवलं की तो माणसं, गुरं आणि होड्या सांभाळी. जिवंतपणी लागू होणारा विमा तालुक्यात तेवढा एकच. मात्र शीव ओलांडायची तर गाऱ्हाणं घालून, म्हणजे साऱ्या वाडीच्या वतीनं विनवून, त्याची सोबत मागावी लागे, आणि दुखण्याचं नाव चारचौघांत घ्यावं लागे.

गाऱ्हाण्याचा मान असलेल्या गावकर गंगारामानं नारळ हातात धरला. “बा राखणदारा म्हाराजा, ह्या तुझा लेकरू इलाजाक मुंबयक जाता. तेका...” तो थांबला. “विश्रामा, दुखणा खंय आसा ता सांग.”

मागे सगळी वाडी उभी होती. बायका, सुना, शिवाय पाहुणे आलेले व्याही. वादळात शीड फाटलेलं असताना ज्याचा आवाज दुसऱ्या गलबतापर्यंत पोचे, त्या विश्रामाला तो सापडेना.

“गुडघो,” तो शेवटी म्हणाला.

“खंयचो?”

“उजवो.”

त्याच्या बायकोनं, आनंदीनं, पदर तोंडाला लावला.

“तेचो उजवो गुडघो सांभाळ, म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा,” वाडी एका सुरात म्हणाली.

मुंबईला जाताना बोटीतच विश्रामाच्या उजव्या गुडघ्यावर कुणीतरी थंडगार हात ठेवला. शेजारी कुणी नव्हतं. ओल्या घोंगडीचा वास तेवढा होता.

सर्जननं ऑपरेशन केलं, लघवी मोकळी झाली. पण रोग आधीच हाडांत उतरला होता. डॉक्टर पाठ, बरगड्या, खुबे, डावा गुडघा दाबत गेले आणि विश्राम दर ठिकाणी कळवळला. उजवा गुडघा मात्र विशीतल्या पोराचा. “नवल आहे,” म्हणून डॉक्टर पुढच्या खाटेकडे वळले. विश्रामाला नवल वाटलं नाही. हात तिथंच होता.

“अवो, आता तरी राखणदाराक खरा काय ता सांगा,” आनंदी म्हणाली.

पलीकडच्या खाटेभोवती मालवणजवळच्या मसुऱ्याची माणसं बसली होती. एक लांबची विहीणही निघाली असती त्यांत. विश्रामानं डोळे मिटले आणि रोगाचं नाव, जागा, सगळं गाऱ्हाण्याच्या सुरात मोठ्यानं सांगून टाकलं.

“व्हय म्हाराजा,” आनंदी एकटीच म्हणाली.

गुडघ्यावरचा हात किंचित उचलला गेला. पण वाडीनं मागितलेलं एकटीच्या होकारानं बदलत नाही. हात पुन्हा टेकला, आणि त्यानं गुडघा आधीपेक्षाही इमानानं धरला.